एका थेंबात दोन लसी

आमच्या वस्तीवर बारावी सायन्स झालेली सून मी एकटीच होते, आणि हे मी कुणाला विसरू देत नव्हते. औषधाच्या बाटलीवरचं वाचायचं असो, पोराचा ताप बघायचा असो, शाळेचा फॉर्म भरायचा असो, बायका माझ्याकडे यायच्या. मी कपाळाला आठी घालून "आणा इकडं" म्हणायचे आणि मनातून खूश व्हायचे. अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणं म्हणतात, ते माझ्याबाबतीत तंतोतंत खरं होतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं.

वस्ती जुन्नर तालुक्यात, आळेफाट्याहून एसटीनं अर्ध्या तासावर. नव्वद साल उलटलं तशा कांदा-टोमॅटोच्या जोडीला आमच्याकडे कोंबड्यांच्या शेड आल्या. शेड उभारायच्या पुरुषांनी आणि सांभाळायच्या बायकांनी, हे कुणाला ठरवावंही लागलं नाही. एक दिवसाची पिल्लं खोक्यांतून यायची आणि सहा-सात आठवड्यांत मोठी होऊन गाडीत चढायची. मधल्या काळात त्यांना दोन रोगांपासून जपावं लागायचं. एक राणीखेत, आमच्याकडे त्याला मानमोडी म्हणतात, कारण मरताना कोंबडीची मान पिळवटते. दुसरा श्वासनळीचा, आयबी नावाचा. त्याला आम्ही सरळ खोकला म्हणायचो. दोन्हींवरची लस जिवंत असते, म्हणजे रोगाचाच विषाणू, फक्त मवाळ केलेला. तो पिल्लाच्या अंगात रुजला तरच पिल्लाला ताकद येते. मानमोडीची लस सहाव्या दिवशी आणि खोकल्याची त्यानंतर आठ-नऊ दिवसांनी, दोन्ही डोळ्यात थेंब टाकून द्यायच्या.

सहा-सातशे पिल्लांच्या डोळ्यात थेंब टाकणं एकटीचं काम नाही. लस उघडली की बर्फात ठेवायची आणि तास-दीड तासात संपवायची. एकीनं पिल्लू पकडायचं, दुसरीनं त्याचं डोकं आडवं धरायचं, तिसरीनं थेंब टाकायचा. पिल्लानं डोळा मिटून उघडेपर्यंत थांबायचं, नाहीतर थेंब गालावरून ओघळतो आणि सगळं वाया जातं. मग ते पिल्लू मधे उभ्या केलेल्या पत्र्याच्या पलीकडे सोडायचं. यासाठी आम्ही पाच घरच्या बायकांनी सावड केली. खुरपणी-काढणीला करतात तीच सावड. आज आम्ही तुझ्याकडं, उद्या तू आमच्याकडं. हॅचरीची, म्हणजे पिल्लं उबवणाऱ्या कंपनीची, एकच गाडी पाची घरी एकाच दिवशी पिल्लं टाकून जायची, त्यामुळे लशीचे दिवसही एकच यायचे आणि दोन दिवसांत पाच शेड उरकायच्या.

सावडीत वडीलकीचा मान माझ्या चुलत सासूबाईंचा होता. सगळ्या त्यांना नानी म्हणायच्या. बाकीच्या दोघी आमच्याच भावकीतल्या. पाचवी होती ती ओढ्यापलीकडच्या बौद्ध वस्तीतली. तिचा नवरा शाळेत शिपाई होता आणि शेड तिनं स्वतःच्या हिमतीवर उभी केली होती, स्वतःचं म्हणावं असं तिचं तेवढंच होतं. दहावी झालेली, हात अत्यंत हलका. तिनं पकडलेलं पिल्लू ओरडतसुद्धा नसे. वयानं माझ्याहून मोठी, तरी मी तिला "अगं" म्हणायचे आणि ती मला "वहिनी, तुमी" म्हणायची. आम्ही स्वतःला सुधारलेल्या समजत होतो. तिच्याकडचा चहा प्यायचो. तिची पाळी मात्र नेहमी शेवटी, आणि इतर चार घरी जेवण त्या घरचं असायचं, तिच्याकडे जायच्या दिवशी आम्ही आपापल्या भाकरी फडक्यात बांधून न्यायचो. "उगं तिला कशाला चुलीचा तरास," नानी म्हणायच्या. तीही हसून म्हणायची, "बरं झालं, मला बी कोंबड्यांतून येळ न्हाई." हे मला दिसत होतं. दिसूनही मी भाकरी बांधतच होते.

दोन हजार सालाच्या आसपासची चैत्रातली गोष्ट. पिल्लं आली आणि सहा दिवसांनी लशीचा दिवस आला. पण त्याच आठवड्यापासून कांदा काढणी सुरू होत होती. दुसऱ्या लशीच्या वेळी प्रत्येकीच्या शेतात कांदे उघडे पडलेले असणार, तेव्हा सावडीला हात कुठून आणायचे? सावडीत उसना हात फिरवून द्यावाच लागतो, नाहीतर पुढं कोण येईल? नानींनी मला विचारलं, "दोन्ही लसी एकदमच उरकता येतील का गं? तुला कळतंय त्यातलं."

आळेफाट्याच्या औषधाच्या दुकानात मी एकदा ऐकलं होतं की दोन्ही रोगांची मिळून एक लससुद्धा निघते. तेवढं मला पुरलं. कारखान्यात एकत्र करतात, तर आपण का करू नये? एका बाटलीतलं पाणी लशीच्या भुकटीच्या दोन्ही कुप्यांत घालून पुन्हा एकत्र ओतलं की झालं. पिल्लाला एकदाच पकडायचं, एकदाच त्रास. मला स्वतःचं कौतुक वाटलं. मी म्हणाले, "येतील की. त्यात काय."

पहिली शेड आमचीच होती. सगळ्या जमिनीवर अंथरलेल्या तुसावर उकिडव्या बसल्या होत्या. मी दोन्ही कुप्या फोडल्या आणि एकत्र करायला घेतल्या. ओढ्यापलीकडची ती शेजारी बसून लशीच्या डब्यातला घडी घातलेला कागद उलगडून वाचत होती. कागद इंग्रजीत, बारीक अक्षरांत. ती बोट ठेवून हळूहळू वाचत होती.

"वहिनी," ती म्हणाली, "ह्यात येगळं पाणी घेऊन येगळी द्या असं लिवल्यागत वाटतंय. दुसऱ्या लशीत मिसळा असं कुठं न्हाई."

"मिसळू नका असं तरी कुठं लिवलंय?" मी म्हणाले. "आता तू शिकवणार का मला?"

बायका हसल्या. तीही ओशाळून हसली. पण कागद तिनं घडी घालून कमरेला खोचला. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी ती आमच्या चारही शेडमध्ये बसली, आणि मी मिसळलेले थेंब तिनं आमच्या पिल्लांच्या डोळ्यांत टाकले, एकही न सांडता. तिच्या शेडमध्ये पोचलो तेव्हा मात्र ती म्हणाली, "माझ्या पिल्लांना आज एकच टाका, मानमोडीची. दुसरी मी मागाहून टाकीन. तुमी कांद्यात असाल, मी न्हाई बोलवायची कुणाला."

मला राग आला. माझ्यावर तिचा भरवसा नाही, हे चारचौघींत सांगण्यासारखंच होतं ते. मी तिच्या हातात खोकल्याची कुपी दिली आणि म्हणाले, "कर बाई तुझ्या मनाचं." नऊ दिवसांनी तिनं आणि तिच्या नवऱ्यानं शाळेला सुट्टी असताना एका बैठकीत दुसरी लस टाकली. दोघांनी सहाशे पिल्लं. आम्ही कांदे काढत होतो आणि तिची गंमत करत होतो.

चौथ्या आठवड्यात मानमोडीच्या लशीचा पाण्यातून पुन्हा एक डोस द्यायचा असतो. तो यायच्या आधीच नानींच्या शेडमध्ये घरघर सुरू झाली. पिल्लं चोच उघडी टाकून, मान लांब करून श्वास घ्यायला लागली. हिरवी विष्ठा पडली. तीन दिवसांत आमच्या शेडमध्ये तेच, मग उरलेल्या दोन्हींत. ज्या कोंबड्या जगल्या त्यांच्या माना वळल्या आणि त्या स्वतःभोवती गोल फिरत राहिल्या. दाणा समोर दिसायचा, चोच भलतीकडेच पडायची. मी एकीचं डोकं हातात धरून तिला पाणी पाजायचा प्रयत्न केला, तर सोडल्याबरोबर मान पुन्हा तशीच उलटी. मला रडू आवरेना. शेताच्या कडेला खड्डे काढले, चुना टाकला, रोज सकाळी टोपल्यांनी नेऊन पुरल्या.

सरकारी डॉक्टरांनी एक कोंबडी चिरून पोटातले रक्ताचे ठिपके दाखवले. मानमोडीच होती. त्यांनी विचारलं, "लस दिली होती?"

"दिली होती."

"दोन्ही?"

"दोन्ही," मी म्हणाले. कशी दिली, ते त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

ओढ्यापलीकडे तिच्या शेडमध्ये मात्र कोंबड्या शांत होत्या. उन्हानं पाच-सहा गेल्या असतील तेवढ्याच. हे मला कळलं तेव्हाच मी मनाशी जुळवून पाहिलं. तीच गाडी, तीच पिल्लं, तीच कंपनीची लस. वेगळं होतं ते एकच, आणि ते मी केलं होतं.

त्या दुपारी नानींच्या ओट्यावर आम्ही चौघी बसलो होतो. कुणाच्यात उठायचं बळ नव्हतं. भावकीतली एक म्हणाली, "आपल्या साऱ्यांच्या गेल्या. तिच्याच कशा जगल्या?"

दुसरी म्हणाली, "त्यांच्याकडं गावठी कोंबड्या हिंडत्यात. तीच तर साऱ्यांच्या शेडात जात व्हती. तिच्या पायातनंच आलं असंल."

गावठी कोंबड्या माझ्या अंगणातही होत्या. त्या वेळी नानींची एक माझ्या पायाशीच चोच मारत होती. आणि सगळ्यांच्या शेडमध्ये तर आम्ही सगळ्याच गेलो होतो. मी हे म्हणेन असं मला वाटलं. शब्द तोंडापर्यंत आलेही.

नानी माझ्याकडं वळल्या. "तू शिकलेली. तूच सांग, पायातनं रोग जातो का न्हाई?"

मी म्हणाले, "जातो."

खोटं काही बोलले नाही मी. पायातून, चपलेतून रोग जातो हे पुस्तकात आहे, डॉक्टरही तेच सांगतात. एक खरा शब्द बोलून मी तिला सावडीतून काढलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, तशी आमच्याकडं चोरानंच शिक्षा वाचून दाखवली. पुढं कित्येक वर्षं मी स्वतःला समजावत राहिले की मला फक्त विचारलं गेलं आणि मी फक्त उत्तर दिलं. हे समजावणं एक दिवसही पुरलं नाही.

पुढची पिल्लं आली. लशीच्या दिवशी ती नेहमीसारखी सकाळी आमच्या शेडपाशी आली, हात धुऊन, डोक्याला फडकं बांधून. तिला कुणी काही कळवलं नव्हतं. नानी दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "या बारीला आमीच करतो. तू कशाला येवढ्या लांब येतीस." ती दोन पावलांवर थांबली. तिनं नानींकडं नाही, माझ्याकडं पाहिलं. मी खाली मान घालून कुपी हलवत होते. एकच कुपी. त्या खेपेपासून मी लसी वेगवेगळ्या देत होते आणि त्याचं कारण कुणाला सांगितलं नव्हतं. मान वर केली तेव्हा ती बांधावरून निघून गेली होती.

त्यानंतर तिच्या शेडला हात मिळाले नाहीत. आम्ही जात नाही म्हटल्यावर तिच्या वस्तीवरच्या बायकाही कचरल्या. शेडचं काम कुणाला येतही नव्हतं. नवरा-बायकोनं दोन खेपा ओढल्या. दोघांच्या हातून लस वेळेत संपायची नाही, नवऱ्याची शाळा बुडायची. दुसऱ्या खेपेला लाईट जाऊन उबेचे दिवे विझले तेव्हा पिल्लं एका कोपऱ्यात एकमेकांवर चढून गुदमरली, आणि ती एकटीच त्यांना उकलत बसली होती, असं मी ऐकलं. ऐकलं, गेले नाही. ओढा ओलांडला की पाच मिनिटांचं अंतर. पुढं तिनं शेडचे पत्रे उतरवले आणि आळेफाट्याला एका हॉटेलात पोळ्या लाटायला जाऊ लागली. सकाळच्या एसटीत ती बसलेली दिसायची आणि मी पुढच्या दाराजवळ उभी राहायचे.

वर्षभरानं मंचरला कुक्कुटपालनाचं एक शिबिर होतं, तिथं मी गेले. शिकवणाऱ्या साहेबांना मी हात वर करून विचारलं, "दोन वेगवेगळ्या कुप्या घरीच एकत्र केल्या तर काय होतं?"

"असं कोण करतं?" ते म्हणाले. सगळे हसले. मीही हसले.

मग त्यांनी समजावून सांगितलं. दोन्ही लसींचे विषाणू श्वासनळीच्या आतल्या एकाच अस्तरात वाढतात. कारखान्यात एकत्र करतात तेव्हा कुणाचं किती, हे मोजून ठरवलेलं असतं. घरी अंदाजानं मिसळलं तर कधी निभावून जातं. कधी खोकल्याची लस भराभर वाढून जागा अडवते आणि मानमोडीच्या लशीला रुजायला जागाच उरत नाही. "लस दिलीय असं तुम्हाला वाटतं," ते म्हणाले, "पण कोंबडी उघडीच असते." मी हे सगळं वहीत उतरवून घेतलं. अक्षर चांगलं आलं होतं.

तरीही मी बोलले नाही. आता जुनं झालं, उकरून काय करायचं, असं म्हणायला लागले. खरं तर मला भीती वाटत होती. "बारावी झालेली" हे सोडलं तर त्या वस्तीवर माझ्याकडं काय होतं? रांधणारी, कांदे काढणारी आणखी एक सून. मी ते सोडायला तयार नव्हते, आणि त्यासाठी मी एका बाईची शेड जाऊ दिली.

त्यानंतर तीन-चार वर्षांनी आळेफाट्याच्या स्टँडवर ती अचानक माझ्या समोरच आली. बाजूला व्हायला जागा नव्हती. तिनंच विचारलं, "वहिनी, बऱ्या हाय ना?" हातांवर पोळीच्या तव्याचे डाग होते. मी काहीबाही बोलले, ऊन लई झालंय, गाडीला उशीर झालाय. माझ्या गाडीचा पुकारा झाला तेव्हा ती म्हणाली, "आता लसी येगळ्या येगळ्या देता ना?"

"हो," मी म्हणाले.

"बरं झालं," ती म्हणाली. "लई जीव गेले व्हते तवा." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर मला सोसला असता. तिला खरंच कोंबड्यांचं वाईट वाटत होतं.

गाडीत बसल्यावर मी ठरवलं की आज सांगायचं. सांगितलं की नानी तिच्या दारी जातील, तिला परत बोलावतील, शेड पुन्हा उभी राहील. मी आतून इतकी रिकामी झाले होते की माझं काय होईल याची पर्वा उरली नव्हती. उतरले ती थेट नानींच्या घरी गेले. त्या ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. मी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. लस मी मिसळली, त्यामुळं मेल्या. तिच्या पायातून काही आलं नव्हतं. मला ते तेव्हाच कळलं होतं आणि मी गप्प बसले.

नानींनी शेंगा फोडणं थांबवलं नाही. "बस खाली," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "हे काय सांगायला आलीस? आमाला काय दिसत नव्हतं व्हय? तिच्या कोंबड्यांना येगळी लस टाकली तवा आमी तिथंच बसलो व्हतो की."

मला पहिल्यांदा काही समजेच ना. "मग?" मी विचारलं. "मग तिला का काढलं?"

"कुणाला तरी काढायचंच व्हतं," नानी म्हणाल्या. "घरचे पुरुष इचारत व्हते, कुणामुळं झालं. तुझं नाव घेतलं असतं तर तुझ्या सासऱ्यानं तुला शेडात पाऊल टाकू दिलं नसतं. मग बाटलीवरचं वाचून आमाला कोण सांगणार?"

मी म्हणाले, "वाचता तर तिलाबी येत व्हतं, नानी. तिनं वाचूनच सांगितलं व्हतं, तुमा सगळ्यांसमोर."

नानींनी हातातली शेंग सुपात टाकली आणि माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही, लहान मुलाला समजावतात तसं.

"व्हय," त्या म्हणाल्या. "पण तिचं वाचलेलं ऐकणार कोण व्हतं?"

इतकी वर्षं मला वाटत होतं की मी काहीतरी लपवून ठेवलंय, आणि ते उघडं केलं की सगळं फिरेल. लपलेलं काहीच नव्हतं. मी बोलले असते तरी ती गेलीच असती. एवढी एक आशा होती, तीही त्या ओट्यावर संपली. मला रडायला हवं होतं, पण रडू आलं नाही. शेजारच्या घरात टीव्हीवर कसली तरी मालिका चालू होती.

मी निघाले तेव्हा नानींनी मागून विचारलं, परवा लशीचा दिवस आहे, आळेफाट्याहून बर्फ कोण आणणार. मी म्हणाले, मी आणते.